मागायला कोण शिकवणार?

एड रॉबर्ट्स चौदाव्या वर्षी पोलिओनं मानेखाली लुळा पडला. कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम गावच्या हायस्कूलचा बराचसा अभ्यास त्यानं घरी पडून, टेलिफोनच्या तारेवरून वर्ग ऐकत पुरा केला. शेवटी डिप्लोमा द्यायची वेळ आली तेव्हा शाळेनं हरकत काढली, की त्याचे दोन विषय अपुरे आहेत. एक शारीरिक शिक्षण, दुसरा मोटार चालवणं. ज्या मुलाला श्वासासाठी रात्री लोखंडी फुप्फुसात झोपावं लागत होतं, त्याच्याबद्दलची ही हरकत होती. त्याची आई झोना शाळा मंडळापर्यंत भांडली आणि डिप्लोमा मिळाला.

पुढची लढाई मात्र वेगळी होती. राज्याच्या पुनर्वसन खात्यानं आधी त्याला मदत नाकारली. हा माणूस कधी नोकरी करण्याजोगा होणार नाही, असं खात्याचं मत होतं. बर्कलीच्या विद्यापीठाकडे लोखंडी फुप्फुसाचं ते अवजड यंत्र मावेल अशी वसतिगृहाची खोली नव्हती. १९६२ साली तो तिथं दाखल झाला तो विद्यापीठाच्या काउल रुग्णालयात राहण्याच्या बोलीवर. इथून पुढे काय हवं, का हवं, कुणाकडे मागायचं, हे त्याचं त्यालाच ठरवावं लागलं. १९७५ साली गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी त्याच पुनर्वसन खात्याच्या संचालकपदी रॉबर्ट्स यांची नेमणूक केली.

शाळेसाठी आई भांडली, कॉलेजात स्वतः मागावं लागलं. एका घरातली ही गोष्ट पुढे अमेरिकेच्या कायद्यातच उतरली. शाळेचा कायदा एका प्रकारचा झाला, कॉलेजचा दुसऱ्या. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलाची कॉलेजसाठीची तयारी हा प्रश्न समजून घ्यायचा तर या दोन कायद्यांच्या मधल्या जागेकडे पाहावं लागतं. तिथंच सर्वांत जास्त मुलं गळतात.

शाळेकडून सुरुवात करू. १९७० पर्यंत अमेरिकेतल्या अपंग मुलांपैकी जेमतेम पाचातलं एक मूल सरकारी शाळेत शिकत होतं. दहा लाखांहून जास्त मुलं शाळेच्या पूर्ण बाहेर होती, आणि तीही बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या आधारानं. पेनसिल्व्हेनियात ज्या मुलाचं ‘मानसिक वय’ पाच वर्षांचं झालेलं नाही, त्याला शाळा सरळ परत पाठवू शकत असे. तिथल्या पालकांची संघटना न्यायालयात गेली आणि १९७२ पर्यंत हे दार उघडलं. त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये सात मुलांच्या वतीनं दुसरा खटला चालला. तिथल्या शिक्षण मंडळानं सांगितलं, की पैसे नाहीत. न्यायाधीश जोसेफ वॉडी यांनी दिलेलं उत्तर मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सरळ उत्तर वाटतं. पैसे कमी असतील तर ती झळ सगळ्यांना सारखी लागू दे. अपंग मुलांच्याच वाट्याला ती जास्त येता कामा नये, असा त्याचा आशय होता.

या दोन निकालांच्या पाठबळावर २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. सही करतानाच त्यांनी बोलून दाखवलं होतं, की केंद्र सरकारला पेलणार नाही इतकं हा कायदा कबूल करतो आहे. तसंच झालं. विशेष शिक्षणावर होणाऱ्या जादा खर्चाचा ४० टक्के वाटा केंद्र उचलेल असं ठरलं होतं. अलीकडच्या वर्षांत तो १५ टक्क्यांच्याही आत राहिला आहे. उरलेलं ओझं राज्यं आणि गावोगावची शिक्षण मंडळं वाहतात. तरीही कायदा टिकला. १९९० साली त्याला ‘आयडिया’ हे आजचं नाव मिळालं. आज तीन ते एकवीस या वयातली सुमारे ७५ लाख मुलं या कायद्याखाली शिकतात. सरकारी शाळांतल्या मुलांपैकी हे साधारण १५ टक्के होतात. त्यांतला सर्वांत मोठा गट, जवळपास एक तृतीयांश, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा आहे. बाहेरून पाहिलं तर या मुलांत काही वेगळं दिसत नाही, आणि हीच मुलं संख्येनं सगळ्यांत जास्त कॉलेजच्या उंबरठ्यावर येतात.

या कायद्याचं बळ असं, की पहिलं पाऊल शाळेनं उचलायचं असतं. मूल शोधून काढायचं शाळेनं. तपासणी करायची शाळेनं, तीही शाळेच्या खर्चानं. मग शिक्षक, विशेष शिक्षक, मानसशास्त्रज्ञ आणि पालक एका टेबलाभोवती बसून त्या एका मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करतात. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घराला, जिथं असं मूल आहे तिथं, ‘आयईपी’ ही तीन अक्षरं पाठ असतात. मूल आज कुठं आहे, वर्षभरात कुठं पोचायला हवं, त्यासाठी कोण, किती वेळ, काय करणार, हे त्यात लिहायचं आणि दर वर्षी पुन्हा तपासायचं. पालकांना पटलं नाही तर सुनावणी मागता येते.

शाळेनं किती करायचं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत दोनदा ठळकपणे गेला. १९८२ च्या खटल्यात न्यूयॉर्क राज्यातली बहिरी मुलगी ॲमी रौली होती. ओठांच्या हालचाली वाचून ती वर्गात सरासरीपेक्षा बरी चालली होती, पण बोललेल्यातलं पुष्कळसं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. पालकांनी सांकेतिक भाषेचा दुभाषी मागितला. न्यायालयानं नाही म्हटलं. मुलाला शिक्षणाचा काही लाभ होत असेल तर पुरे, त्याच्या कुवतीचं टोक गाठून देणं शाळेवर बंधनकारक नाही, असा तो निकाल होता. (ॲमी रौली पुढे सांकेतिक भाषेची प्राध्यापक झाली.) दुसरा निकाल २०१७ चा, कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाचा. त्याच्या आराखड्यात दर वर्षी जवळपास तीच ती उद्दिष्टं उतरवली जात होती. या वेळी सर्व न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं, की नावापुरती प्रगती चालणार नाही. मुलाची परिस्थिती पाहून पुरेशी उंच उद्दिष्टं ठेवावी लागतील. पस्तीस वर्षांत ‘काही तरी’पासून ‘पुरेसं उंच’पर्यंत येणं ही मोठी मजल आहे, आणि कॉलेजच्या दृष्टीनं तर फारच मोठी. आठवीतल्या मुलाला तिसरीचं गणित वर्षानुवर्षं गिरवायला लावलं तर तो बारावीला बीजगणित कुठून आणणार?

आता कॉलेज. मूल हायस्कूलचा नेहमीचा डिप्लोमा घेऊन बाहेर पडलं, की ‘आयडिया’चा हक्क तिथंच संपतो. आयईपी संपते. कॉलेजात तिचा नवा अवतार होत नाही. तिथं लागू होतात ते वेगळे कायदे: १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा अपंगत्व कायदा. हे दोन्ही भेदभाव रोखणारे कायदे आहेत. कलम ५०४ साठी माणसांनी किती सोसलं आहे, तेही सांगायला हवं. कायदा होऊन चार वर्षं झाली तरी त्याचे नियम सरकार काढेना, तेव्हा १९७७ च्या एप्रिलमध्ये अपंग हक्कांच्या चळवळीतल्या ज्युडी ह्यूमन आणि त्यांच्या साथीदारांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून जास्त काळ ठिय्या दिला. चाकाच्या खुर्चीवरची, बहिरी, अंध माणसं त्या कचेरीत जमिनीवर झोपली. नियमांवर सही झाली ती त्यानंतर.

पण भेदभाव न करणं निराळं आणि शिकवून पुढे नेणं निराळं. शाळेला मुलाची प्रगती घडवायची असते. कॉलेजला फक्त वाट मोकळी ठेवायची असते. कॉलेज विद्यार्थ्याला शोधत येत नाही. विद्यार्थ्यानं अपंग विद्यार्थी सेवा कचेरीत जायचं, आपल्याला काय आहे ते सांगायचं, कागदपत्रं दाखवायची. शाळेतली आयईपी कित्येक कॉलेजं पुरेशी धरत नाहीत. मोठ्या माणसाच्या पातळीवरची ताजी तपासणी मागतात आणि तिचा खर्च विद्यार्थ्याच्या डोक्यावर येतो. मग परीक्षेला वाढीव वेळ, टिपणं काढून देणारा साथीदार, पुस्तकाची ऐकता येणारी प्रत, कमी विषय घेण्याची मुभा, असं काही मंजूर होतं. ते मंजुरीचं पत्र बहुतेक ठिकाणी दर सत्रात प्रत्येक प्राध्यापकाकडे पोचायला हवं, आणि त्याची सुरुवात विद्यार्थ्यानं करायची असते. विषयाचा गाभा बदलेल अशी सवलत कॉलेज देत नाही. शाळेत चाळीसऐवजी वीस प्रश्न सोडवून चालत होतं, इथं चाळीसच्या चाळीस सोडवायचे.

याचा परिणाम किती मोठा आहे, हे सरकारनंच करवलेल्या एका दीर्घ पाहणीत दिसलं. २००० साली १३ ते १६ वर्षांच्या असलेल्या, विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांचा तिनं जवळपास दशकभर मागोवा घेतला. शाळा सोडल्यावर आठ वर्षांच्या आत त्यांच्यातली ६० टक्के मुलं कोणत्या ना कोणत्या कॉलेजात किंवा व्यवसाय शिक्षणात गेली. इतर मुलांत हा आकडा ६७ टक्के होता. म्हणजे दाराशी पोचण्यात फार अंतर उरलेलं नव्हतं. पण आत गेल्यावरचं चित्र बघा. हायस्कूलमध्ये असताना त्यांच्यातल्या ८७ टक्के मुलांना काही ना काही सवलत मिळत होती. कॉलेजात ती मिळाली १९ टक्क्यांना. आपल्याला अपंगत्व आहे असं मानून तसं कॉलेजला कळवलं होतं फक्त २८ टक्क्यांनी. साठ टक्क्यांहून जास्त मुलं तर आपल्याला काही अडचण आहे असंच मानत नव्हती.

हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. त्यात शरम आहे, नव्या जागी नवं आयुष्य सुरू करण्याची स्वाभाविक इच्छा आहे. विशेष वर्गाचा शिक्का मागे टाकायला अठरा वर्षांचं कोणतंही मूल उत्सुक असणार, त्यात त्याला दोष देता येत नाही. पण त्यात शाळेचं अपयशही आहे. बारा वर्षं ज्या मुलाबद्दल मोठी माणसं टेबलाभोवती बसून बोलत राहिली, त्याला त्या टेबलाशी कुणी बसवलंच नाही. त्याला आपल्या अडचणीचं नाव माहीत नसतं. माहीत असलं तर ती दोन वाक्यांत सांगता येत नाही. वाढीव वेळ मिळत होता तो का, हे त्याला कळलेलं नसतं. परीक्षेच्या दिवशी बाई येऊन दुसऱ्या खोलीत घेऊन जात, एवढंच आठवत असतं.

कायदा याबद्दल गप्प आहे असं नाही. मूल सोळा वर्षांचं झालं की त्याच्या आराखड्यात शाळेनंतरच्या आयुष्याची उद्दिष्टं लिहिलीच पाहिजेत, आणि ती ठरवायच्या बैठकीला त्या मुलाला बोलावलंच पाहिजे, असा नियम आहे. काही राज्यांनी हे वय चौदावर आणलं आहे. माझ्या मते चौदाच योग्य, कारण सोळाव्या वर्षी उशीर झालेला असतो. कॉलेजला लागणारं गणित, प्रयोगशाळेचं विज्ञान, परकी भाषा, हे विषय नववीतच निवडायचे असतात. मुलाला त्रास नको म्हणून नववीत परकी भाषा सोडायची मुभा मिळते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि बारावीत कळतं की हव्या त्या विद्यापीठाच्या प्रवेशासाठी ती लागत होती. याहून मोठा धोका डिप्लोमाचा आहे. काही राज्यांत विशेष शिक्षणाच्या मुलांना नेहमीच्या डिप्लोमाऐवजी वेगळं प्रमाणपत्र दिलं जातं. समारंभात झगा तोच, टोपी तीच, टाळ्याही त्याच. पण त्या प्रमाणपत्रावर नेहमीच्या पदवीला प्रवेश सहसा मिळत नाही.

म्हणून पालकांनी दोन गोष्टींतला फरक लवकर ओळखायला हवा. एकीत वाट बदलते, मुक्काम तोच राहतो: तोच धडा ऐकून शिकणं, तोच पेपर जास्त वेळात लिहिणं. दुसरीत मुक्कामच अलीकडे आणला जातो: सोपा धडा, सोपा पेपर. पहिली सवलत कॉलेजातही चालते. दुसरी कॉलेजच्या फाटकापाशी संपते. काही मुलांना दुसरीची खरी गरज असते आणि ती त्यांना मिळायलाच हवी. पण वर्गात शांतता राहावी म्हणून, किंवा शिकवायला माणूस नाही म्हणून ती दिली जात असेल, तर त्या मुलाचं कॉलेज कुणी तरी त्याला न विचारताच काढून घेतलेलं असतं.

मागण्याचं शिक्षण देता येतं, आणि जिथं दिलं जातं तिथं ते अगदी साध्या रीतीनं दिलं जातं. अनेक शाळांत मूल स्वतःच आपली आयईपीची बैठक चालवतं. सुरुवात लहान असते. सहावीतलं मूल फक्त सगळ्यांची ओळख करून देतं. आठवीत ते आपल्याला काय जमतं आणि काय जड जातं हे वाचून दाखवतं. अकरावीत उद्दिष्टं तेच मांडतं आणि शिक्षक प्रश्न विचारतात. २०१४ च्या एका केंद्रीय कायद्यानं राज्यांच्या पुनर्वसन खात्यांना त्यांच्या केंद्रीय निधीतला किमान १५ टक्के वाटा शाळकरी वयातल्या अपंग मुलांच्या नोकरीपूर्व तयारीसाठी बाजूला काढायला लावला. त्या तयारीची पाच अंगं कायद्यात लिहिलेली आहेत आणि स्वतःची बाजू मांडायला शिकवणं हे त्यांतलं एक. रॉबर्ट्स यांना ज्या प्रकारच्या खात्यानं नालायक ठरवलं होतं, त्या खात्यांच्या कामात आज हे येतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी तर २००८ पर्यंत कॉलेज हा शब्दच फारसा उच्चारला जात नव्हता. त्या वर्षीच्या उच्च शिक्षण कायद्यानं त्यांच्यासाठी वेगळे अभ्यासक्रम मान्य केले आणि नेहमीचा डिप्लोमा नसतानाही काही केंद्रीय शिष्यवृत्त्या खुल्या केल्या. आज असे तीनशेहून अधिक अभ्यासक्रम देशभर आहेत. मूल इतर विद्यार्थ्यांसोबत काही तासांना बसतं, आवारात नोकरीचा सराव करतं, बसनं एकटं ये-जा करायला शिकतं. पदवी मिळत नाही. पण शिकून बाहेर पडलेल्यांना पगाराचं काम मिळण्याची शक्यता वाढते, आणि आई-वडिलांच्या मागे आपलं मूल कसं जगेल या प्रश्नाला पहिल्यांदा काही आकार येतो.

न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, टेक्सास इथल्या मराठी कुटुंबांसाठी काही गोष्टी मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत. विशेष शिक्षणाचा हक्क व्हिसावर अवलंबून नाही. १९८२ च्या एका निकालानं सरकारी शाळेचं दार कागदपत्रांविना आलेल्या मुलांनाही खुलं केलं आहे, मग कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलांचा प्रश्नच येत नाही. आई-बाबांना किंवा सांभाळ करणाऱ्या आजीला इंग्रजी जड जात असेल तर बैठकीला दुभाषी मिळवून देणं शाळेचं काम आहे. घरात मराठी बोलल्यानं मुलाचं बोलणं लांबतं ही समजूत खोटी आहे. त्या भीतीपोटी कित्येक घरांनी मुलाशी आपल्या भाषेत बोलणं उगाच सोडून दिलं. आणि सर्वांत जड जाणारी गोष्ट अशी: बहुतेक राज्यांत अठरा वर्षं पूर्ण झाली की आयईपीवरचे हक्क पालकांकडून मुलाकडे जातात, आणि कॉलेजात त्याच्या लेखी संमतीवाचून कुणी पालकांशी त्याच्याबद्दल बोलायला बांधील नसतं. ज्या आईनं बारा वर्षं फायली सांभाळल्या, रजा टाकून प्रत्येक बैठक गाठली, तिला कचेरीतून नम्रपणे सांगितलं जातं, की तुमच्या मुलालाच फोन करायला सांगा. आपल्या घरांत ‘तू फक्त अभ्यास कर, बाकी आम्ही बघतो’ हे प्रेमानं म्हटलेलं वाक्य असतं. या मुलांच्या बाबतीत ते अठराव्या वर्षी महागात पडतं.

महाराष्ट्रातही हीच दरी आहे, फक्त तिचे काठ वेगळे. आपल्या राज्य मंडळानं अध्ययन अक्षम मुलांना सवलती द्यायला गेल्या शतकाच्या अखेरीसच सुरुवात केली, आणि मुंबईत शीव इथल्या महापालिका रुग्णालयानं तपासणीचं मोठं काम केलं. वाढीव वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेच्या किंवा गणिताच्या जागी दुसरा विषय, यांच्या आधारानं पुष्कळ मुलं दहावी-बारावी पार झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या अपंगत्वांत अध्ययन अक्षमता धरली आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत पाच टक्के जागा राखल्या. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र सहा ते अठरा वर्षांचा. मंडळाच्या सवलतीचा अर्ज शाळा भरते, धावपळ आई करते, आणि प्रवेश परीक्षेच्या खोलीत मूल एकटं बसतं.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२१ च्या फेब्रुवारीत, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितलं, की लेखनिक मिळायला ४० टक्क्यांचं अपंगत्व लागतं ही अट योग्य नाही. वाजवी सोय मागण्याचा हक्क त्याहून व्यापक आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेखनविकार असलेली एक मुलगी मुंबईतल्या कांदिवलीच्या केंद्रावर वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला बसली. तिच्याजवळ प्रमाणपत्र होतं, तासाभराच्या वाढीव वेळेवर तिचा हक्क होता. केंद्रावरच्या लोकांना तो नियम ठाऊक नव्हता, आणि इतरांबरोबरच तिची उत्तरपत्रिका काढून घेण्यात आली. ती न्यायालयात गेली. नोव्हेंबरमध्ये निकाल आला: पुन्हा परीक्षा घेता येणार नाही, पण गेलेल्या तासाची भरपाई कशी करता येईल याचा विचार परीक्षा संस्थेनं एका आठवड्यात करावा, आणि केंद्रांवर काम करणाऱ्या माणसांना अपंग विद्यार्थ्यांचे हक्क समजावून देण्याचं प्रशिक्षण द्यावं.